माहीत सगळ्यांना होतं, मग वेळेत घर कुणी सोडलं? (ज्ञान आणि शहाणपण)

पंचगंगाकाठ

शिवाजी विद्यापीठाच्या बोधचिन्हावर ‘ज्ञानमेवामृतम्’ असं लिहिलंय. १९६२ साली हे विद्यापीठ निघालं नसतं तर आमच्या भागातल्या कितीतरी घरांत पहिला पदवीधर फार उशिरा झाला असता. आमचं घर त्यातलंच. तेव्हा हा धागा ज्ञानाला कमी लेखायला काढलाय असं कुणी समजू नये.

पण २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरापासून एक प्रश्न डोक्यातनं हलत नाही.

त्या आठवड्यात कोल्हापुरात माहितीचा तुटवडा नव्हता. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ फुटाला धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतंय. पावसाळ्यात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ‘बंधाऱ्यावर किती झालं?’ हाच. आकडे मोबाईलवर येतच होते. राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले तेही येत होतं. पाणी शेवटी ५५ फूट ७ इंचांवर गेलं. आणि एवढं सगळं माहीत असून माणसं माडीवर अडकली, त्यांना होडीनं काढावं लागलं.

आमच्या गल्लीतली तीन घरं सांगतो. ओळख पटेल असं काही लिहीत नाही.

एका घरात निवृत्त इंजिनिअर. त्यांच्या वहीत प्रत्येक धरणाचा पाऊस, विसर्ग, पाणी इथवर यायला किती तास लागतील, सगळं मांडलेलं. हिशेब चोख होता, नंतर पडताळून पाहिला तरी चोखच निघाला. पण ते दर वेळी पुढच्या आकड्याची वाट बघत राहिले. आणखी एक आकडा आला की अंदाज पक्का होईल, मग ठरवू.

दुसऱ्या घरात गल्लीतले सगळ्यात वयस्कर आजोबा. त्यांच्याकडं अनुभव. २००५ चं पाणी त्यांनी बघितलेलं, भिंतीवर खूण केलेली. “ह्या उंबऱ्याला तेव्हा पाणी लागलं न्हवतं,” एवढंच ते म्हणायचे. त्यांचा शब्द आजवर खोटा ठरला नव्हता, म्हणून आणखी चार घरं त्यांच्या भरवशावर थांबली.

तिसऱ्या घरात शिवणकाम करणाऱ्या एक ताई. शाळा आठवीपर्यंत. इशारा पातळी ओलांडल्यावर त्यांनी एकच विचार केला: रात्री लाईट गेली आणि पाणी दारात आलं तर सासूबाईंना जिन्यावरनं खाली कोण उतरवणार? दुपारीच सासूबाईंना रिक्षात घालून पाहुण्यांकडं सोडलं, परत येऊन शिलाई मशीन माडीवर चढवलं आणि जाताना शेजारच्या दोन दारांवर थाप मारली. “पाणी नाही आलं तर चार दिवस पाहुणचार झाला म्हणायचं,” असं त्या म्हणाल्या. विनाकारण गेलो तर काय जातं आणि विनाकारण थांबलो तर काय जातं, हा ताळा त्यांनी मनातल्या मनात घातला होता. घरातल्या सगळ्यात दुबळ्या माणसापासून मोजायला सुरुवात केली होती.

इंजिनिअरकाकांकडं ज्ञान होतं. आजोबांकडं अनुभव होता. ताईंकडं जे होतं त्याला मी शहाणपण म्हणतो, आणि माझ्या मते ते आधीच्या दोन्हींच्या बेरजेतनं येत नाही. आपल्याला जे माहीत आहे ते कुठवर पुरतं आणि जिथं पुरत नाही तिथं कुणाचा विचार आधी करायचा, हे ज्याला सुचतं तो शहाणा.

हे पटतंय का? तुमच्या कामात, घरात हा फरक कुठं दिसला? सुविचार नकोत, घडलेलं सांगा.

खरी_कॉर्नर

धागा आवडला. २०२१ ला ५६ फूट ३ इंच झालं, म्हणजे २०१९ पेक्षाही वर. पण आमच्याकडं या वेळी माणसं लवकर हलली. मग हे शहाणपण म्हणायचं का नुसता ताजा अनुभव?

पंचगंगाकाठ

अवघड प्रश्न आहे दादा. बहुतेक ताजा अनुभवच. कारण आता आमच्या गल्लीत ‘५६ च्या वर जात नाही’ असं म्हणणारे तयार झालेत. खूण फक्त वर सरकली.

बंधारा

पाटबंधाऱ्याच्या कामात आयुष्य गेलं, म्हणून इंजिनिअरकाकांच्या बाजूनं थोडं लिहितो.

त्यांच्याकडं शहाणपण कमी होतं असं मला वाटत नाही. ठरवायची वेळ चुकली. पाणी चढत असताना, घरात सगळे घाबरलेले असताना, दर तासाला नवा आकडा येत असताना ठरवायला बसलं की भल्याभल्यांचं असं होतं. ठरवायचं असतं ते मे महिन्यात, कोरड्या अंगणात बसून.

राधानगरीचंच बघा. त्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ३४७.५० फुटांवर पोचलं की दरवाजा आपोआप उघडतो, एकेका दरवाज्यातनं १४२८ क्युसेक बाहेर पडतं, पातळी उतरली की दरवाजा आपोआप मिटतो. ऐन पावसात रात्री दोन वाजता ‘उघडू का नको’ अशी बैठक तिथं बसत नाही. ज्यांनी ते आखलं त्यांनी तो निर्णय शांतपणे आधीच घेऊन ठेवला आणि लोखंडात ओतला. काहीजण म्हणतात, यंत्राला कसली अक्कल. यंत्राला नाहीच, पण आपण ऐनवेळी डगमगू हे आधीच ओळखून तशी सोय करून ठेवणाऱ्या माणसांना होती.

आणि या धरणाचं काम सुरू केलं शाहू महाराजांनी. १९२२ ला महाराज गेले तेव्हा ते अपुरंच होतं. आपल्या हयातीत ज्याचं पाणी बघायला मिळेल याची खात्री नाही अशा कामात संस्थानाचा पैसा घालणं, हे नुसत्या स्थापत्यज्ञानानं होत नाही.

आमच्या घरी आता ठरलंय: ३९ झालं की आईला हलवायचं. चर्चा नाही.

चिखलीकर

वर सगळं बरोबर हाय, पर एक बाजू राहिली.

आमच्या चिखलीत पाणी शहराच्या आधी शिरतंय. हितल्या प्रयाग संगमावर कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकत्र येत्यात, तिथंच आमी. दर पुराला टीव्हीवाले इचारत्यात, “लोकं घर का सोडत न्हाईत?” आणि बघणाऱ्याला वाटतंय, अडाणी हायत.

आमच्या गोठ्यात म्हशी हायत. म्हशीच्या दुधावर आमचा रोजचा बाजार चालतोय. माणूस होडीत बसतंय, म्हैस बसत न्हाई. तिला न्यायची तर कुठं, वैरण कोण देणार, धार कोण काढणार, संकलनाला दूध कसं पोचणार? सोनतळीला पुनर्वसनाच्या जागा मिळालेल्या हायत, पर गोठा, शेत, मोटर सगळं इकडं. जो माणूस थांबतोय त्याला पाण्याचं ज्ञान तुमच्यापेक्षा जास्त हाय. त्याच्या डोक्यात हिशेब चालूच असतोय, पर त्या हिशेबात तुमी बघत न्हाई ती जनावरं असत्यात.

आता आमच्या भावकीनं काय केलं सांगतो. २०१९ नंतर ठरवलं की पयली जनावरं. पाणी मळीच्या म्हंजे नदीकाठच्या रानात आलं की म्हशी सोनतळीकडं, दोन घरची दोन पोरं त्यांच्याबरोबर मुक्कामाला, वैरण आधीच रचून ठेवायची. म्हशी गेल्या की म्हातारी माणसं आपसूक जात्यात, कारण मागं थांबायला काय उरतच न्हाई. हे कुठल्या साहेबानं सांगितलं न्हाई. आमच्या चुलतीनं सांगितलं. ती म्हणाली, “सासऱ्याला समजावू नका, म्हस हलवा.”

पंचगंगाकाठ

चिखलीकर, हे मला सुचलंच नसतं. चुलतींना नमस्कार सांगा.

चुलवाण

आमचा आजा गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर होता. करवीर तालुक्यात कितीतरी गुऱ्हाळांवर त्याला बोलवायचे. त्याचं बघितलेलं सांगतो.

काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, उसाचा रस तापायला लागला की चुन्याची निवळी, मग रानभेंडीचा चीक, वर आलेली मळी काढायची. जळव्याला हाक मारून जाळ कमी-जास्त करायचा. शेवटी पाकाचा थेंब गार पाण्यात सोडून बोटानं गोळी वळायची. आजा बुडबुड्यांच्या आवाजावरनं सांगायचा, “आता उतरवा.” पुढं माझ्या चुलत्यानं थर्मामीटर आणला. ११८ अंशांच्या आसपास गूळ उतरतो हे गूळ संशोधन केंद्राच्या शिबिरात शिकून आला होता. आजानं थर्मामीटर हातात घेतला, चार काहिली त्याच्याशी आपला कान ताडून बघितला आणि म्हणाला, “हे बरोबर सांगतंय, ठेवा.” रागावला नाही, हसण्यावारी नेलं नाही.

पण एकदा पुरात उभा राहिलेला ऊस आला. शेतकऱ्याला त्याच उसाचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, पाडून हवा होता, बाजाराला तोच चालतो. आजानं उसाची कांडी चावून बघितली आणि तोंडावर सांगितलं, “याचा रवा बसायचा नाही. काकवी काढ, दोन पैसे तरी सुटतील.” माणूस चिडला, दुसरा गुळव्या बघतो म्हणाला. आजा म्हणाला, “बघ, पण जळण घालायच्या आधी माझं ऐकून घे.”

ते थर्मामीटरवर दिसत नव्हतं. म्हणून आजा मला शहाणा वाटतो.

निवृत्त_मास्तर

चुलवाण, तुमच्या आजोबांबद्दल वाचून आनंद झाला. मात्र माझं एक म्हणणं आहे. कांडी चावून उसाची प्रत ओळखणं हे कसब आहे, म्हणजे ज्ञानाचाच एक प्रकार. फक्त ते पुस्तकात नसून जिभेत आणि कानात साठलेलं. हंगेरीत जन्मलेले मायकेल पोलानी हे विचारवंत म्हणत की माणसाला जेवढं सांगता येतं त्याहून जास्त त्याला माहीत असतं. तुमच्या आजोबांचा कान हे त्याचं उत्तम उदाहरण. पण शहाणपण मला दुसरीकडं दिसतं: थर्मामीटर ताडून बघून स्वीकारण्यात, आणि गिऱ्हाईक चिडेल हे माहीत असून जळण घालण्यापूर्वी खरं बोलण्यात.

ॲरिस्टॉटलनं हा भेद फार स्वच्छ केला आहे. तो म्हणतो, तरुण मुलगा भूमितीत पारंगत होऊ शकतो, पण व्यवहारात विवेकी होणं त्याला कठीण, कारण विवेकाला एकेका प्रसंगाची ओळख लागते आणि ती काळानंच येते. आपल्याकडं समर्थांनी दासबोधात मूर्खाची लक्षणं सांगून झाल्यावर पढतमूर्खासाठी वेगळा समास लिहिला. शिकून मूर्ख राहणं ही त्यांना वेगळी आणि गंभीर गोष्ट वाटली होती.

पण ‘काळानंच येते’ यावर थांबू नये. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत पाउल बाल्टेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून शहाणपणाचा अभ्यास केला. ते लोकांसमोर आयुष्यातले पेच ठेवत आणि उत्तरं पाच कसोट्यांवर तपासत. माहिती आणि मार्ग या दोन कसोट्या होत्याच. पण त्याबरोबर माणसाचं वय आणि परिस्थिती लक्षात घेतली का, दुसऱ्याची मूल्यं वेगळी असू शकतात हे मानलं का, आणि पुढचं अनिश्चित आहे याचं भान ठेवलं का, हेही बघत. त्यांना आढळलं की विशीपासून पंचाहत्तरीपर्यंत नुसत्या वाढत्या वयाबरोबर शहाणपण वाढत नाही. गल्लीतल्या आजोबांचा प्रसंग वाचताना मला हेच आठवलं. अनुभव हा कच्चा माल आहे. त्याचं काय केलं यावर सगळं ठरतं.

चुलवाण

मास्तर, कसब आणि शहाणपण वेगळं, हे मान्य. मग अजून एक सांगतो, ते तुमच्या कसोटीला उतरतंय का बघा.

बाजाराला पिवळाधमक गूळ लागतो. आपला बराचसा गूळ गुजरातला जातो, तिथल्या व्यापाऱ्याची नजर रंगावर. हैड्रॉस नावाची रासायनिक पावडर टाकली की रंग उजळतो. किती टाकायची, कधी टाकायची, हे आजाला पक्कं माहीत होतं, आणि तो टाकायचाही. घरात पहिलं नातवंड आलं तेव्हा माझी आजी म्हणाली, “पोराला देताना तुमी काळा गूळ वेगळा काढून आणता. मग लोकांच्या पोरांनी काय केलंय?” त्या हंगामापासून आजानं पावडरीला हात लावला नाही. दर कमी मिळाला की शेतकरी दुसरा गुळव्या बघायचे. आजाची गुऱ्हाळं कमी झाली. घरात ते जाणवलं.

निवृत्त_मास्तर

उतरतं. आणि आजीचा प्रश्न माझ्या पाच कसोट्यांपेक्षा मोठा आहे.

शाईपेन

सगळं वाचलं. माझा सूर वेगळा आहे, तो समजून घ्यावा.

या धाग्यात नकळत एक चित्र तयार होतंय: कमी शिकलेली ताई शहाणी, अडाणी चुलती शहाणी, आजी शहाणी आणि शिकलेले इंजिनिअर अडलेले. मला याची भीती वाटते. कारण ‘शिकून काय करणार, शहाणपण अनुभवानं येतं’ हेच सांगून आमच्या पिढीआधीच्या मुलींच्या हातातली पाटी काढून घेतली गेली.

माझी आज्जी, कागल तालुक्यातली. गावात भांडण झालं, वाटणी करायची झाली, कुणाच्या मुलीला सासरी त्रास झाला की लोक तिच्याकडं यायचे. दोन्ही बाजू ऐकून ती असं काही बोलायची की भांडणारे एका ताटात जेवून जायचे. पण तिला अक्षरओळख नव्हती. तिच्या नावची जमीन कुठल्या कागदानं गेली हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. अंगठा तिचाच होता. औषधाच्या दोन बाटल्यांतली डोळ्यांची कुठली हे ती झाकणाच्या रंगावर लक्षात ठेवायची. गावाला पुरलेलं तिचं शहाणपण तिला स्वतःला वाचवू शकलं नाही.

म्हणून मला शाहू महाराजांचं १९१७ मधलं पाऊल या विषयातलं सगळ्यात मोठं वाटतं. प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना महिना एक रुपया दंड ठेवला. लोक उपजत शहाणे आहेत, असं म्हणून त्यांचं कौतुक करत बसणं सोपं होतं. महाराजांनी तसं केलं नाही. त्याआधी १८९९ ला पंचगंगेवर वेदोक्त प्रकरण घडलं होतं. मंत्र ज्यांना मुखोद्गत होते त्यांनीच राजाला वेदोक्त मंत्र नाकारले. ज्ञान मूठभरांच्या हातात कोंडलं की त्याचं काय होतं, हे महाराजांनी स्वतः सोसलं होतं. त्यावर ज्ञान सोडून द्या असं त्यांनी सांगितलं नाही, ते सगळ्यांच्या दारात नेलं.

शहाणपण थोर आहेच. पण ज्याच्याकडं ज्ञान पोचलंय त्यानंच ज्ञान अपुरं आहे असं म्हणावं. ज्याच्यापर्यंत पोचलं नाही त्याला आधी ते मिळू दे.

पंचगंगाकाठ

शाईपेन ताई, तुमचं सगळं म्हणणं मान्य आहे आणि ते मूळ लेखात असायला हवं होतं. त्या शिवणकाम करणाऱ्या ताईंनाही बंधाऱ्याचा आकडा मोबाईलवर वाचता येत होता म्हणूनच दुपारी निघता आलं. आठवीपर्यंतची ती शाळा नसती तर त्याही आजोबांच्याच शब्दावर राहिल्या असत्या.

रात्रपाळी

मी नर्स आहे, अतिदक्षता विभागात. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही.

वय झालेले, आजार शेवटच्या टप्प्यावर असलेले वडील. बाहेर दोन मुलगे, एक मुलगी. व्हेंटिलेटर लावायचा का विचारायला तरुण डॉक्टर बाहेर जातात आणि सगळं नीट सांगतात: फुप्फुसाची स्थिती, किडनी, जगण्याची शक्यता, रोजचा खर्च. एक शब्द चुकीचा नसतो. मुलं एकमेकांकडं बघत राहतात. कुणीच ‘नको’ म्हणू शकत नाही, कारण नको म्हणणारा आयुष्यभर तेच घेऊन जगणार.

आमच्याकडं एक वयस्कर डॉक्टर आहेत. ते बाहेर गेले की आधी खुर्ची ओढून बसतात. विचारतात, “बाबा दिवसभर काय करायचे? कशात रमायचे? आपल्या दुखण्याबद्दल कधी काही बोलले होते का?” मुलगी सांगते, ते रोज पहाटे रंकाळ्याला चक्कर मारायचे, अंथरुणाला खिळायचं नाही असं म्हणायचे. मग डॉक्टर म्हणतात, “तुम्ही जे सांगितलंत त्यावरनं मला वाटतं त्यांना त्रास न होऊ देणं हे आपलं काम. हा सल्ला माझा आहे, त्याची जबाबदारी माझी.” निर्णयाचं ओझं ते मुलांच्या खांद्यावरनं स्वतःकडं घेतात.

दोघांची पदवी एकच आहे. तरुण डॉक्टर आता त्यांच्याबरोबर मुद्दाम बाहेर जातात, शेजारी उभे राहून ऐकतात. हे शिकता येतं असं मला त्यावरनं वाटतं, पण वर्गात बसून नाही.

तांबडी_माती

शिकता येतं, ताई. आमच्या तालमीतलं थोडक्यात सांगतो. आताची पोरं मोबाईलवर बघून डाव शिकत्यात, आणि खरंच चांगले शिकत्यात. वस्तादांना माहीत नसलेले डाव त्यांना येत्यात. पण जत्रेच्या मैदानात कुस्तीची जोड लावायची वेळ आली की वस्ताद पोराच्या डोळ्यांकडं बघतात. आमच्यातल्या एकाचा खांदा दुखावलेला, त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, इनाम मोठं होतं आणि घरी गरज होती. वस्तादांनी जोड धरली नाही. सगळ्यांसमोर कारण सांगितलं नाही, की पोराची लाज जाईल. रात्री त्याच्या घरी खुराकाचे पैसे पोचते झाले. कुणी दिले ते आम्हाला पुढं कळलं.

डाव सगळ्यांना एकच शिकवता येतो. हे ज्याच्या त्याच्यासाठी वेगळं असतंय.

शिरोळचा_पोरगा

इथं सगळे मोठे आहेत म्हणून धीर करून विचारतो.

मी बी. एस्सी. ॲग्री केलंय. आमची जमीन शिरोळ तालुक्यात, काळी, पाणी भरपूर. वडील चाळीस वर्षं ऊस करतायत. पाट भरून पाणी द्यायचं, तेही लाईट आली की लगेच. आमच्याकडं क्षारपड किती वाढलीय ते सगळ्यांना माहीत आहे. मी माती तपासली. क्षारता ४ च्या वर आली, म्हणजे ती जमीन क्षारयुक्त झालीय. काही भागात सामू (pH) ८.५ च्या पुढं, म्हणजे चोपण, सोडियम वाढून घट्ट झालेली जमीन, होण्याकडं चाललीय. जास्त पाण्यानं भूजल वर आलंय, खालचा क्षार केशाकर्षणानं वर येतोय, पाणी उडून जातंय आणि क्षार वर राहतोय. हे मी बाबांना रिपोर्ट दाखवून सांगितलं. ते म्हणाले, “चाळीस वर्षं मी माती खाल्ली आणि तू मला कागद दाखवतोस.” त्यानंतर आमचं बोलणं तुटक झालंय.

ज्ञान माझ्याकडं आहे, मी बरोबर आहे याची मला खात्री आहे. पण त्याचा शेताला काही उपयोग होत नाहीये. मी काय करू?

निवृत्त_मास्तर

बाळा, तुझा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात खरा प्रश्न आहे.

एक प्रयोग सांगतो. इगोर ग्रॉसमन आणि इथन क्रॉस यांनी २०१४ मध्ये दाखवलं की माणूस मित्राच्या पेचावर जितक्या शहाणपणानं विचार करतो तितका स्वतःच्या पेचावर करत नाही. मात्र स्वतःच्याच गोष्टीकडं तिऱ्हाईताच्या नजरेनं बघायला सांगितलं की हा फरक जातो. तेव्हा समज, हा रिपोर्ट तुझ्या मित्राचा आहे आणि वडीलही त्याचे आहेत. त्याला तू काय सांगशील?

शिरोळचा_पोरगा

सर, प्रामाणिकपणे सांगतो. मित्राला मी म्हणालो असतो, “आधी बापाला विचार, त्यांना शेतात काय काय दिसतंय.” मी तेच विचारलेलं नाही. सरळ रिपोर्ट ठेवला.

चिखलीकर

मग इचार की भावा. आणि सगळ्या रानाचं बोलू नको. बापाला वाटतंय, पोरगं माझं चाळीस वर्षांचं मोडीत काढाय निघालंय. दहा गुंठं माग. कुठली दहा ते त्यास्नीच ठरवू दे.

चुलवाण

चिखलीकरांशी सहमत. थर्मामीटर आजानं स्वीकारला कारण चुलत्यानं तो काहिलीपाशी आणून ठेवला आणि गप्प बसला. आजाला स्वतः ताडून बघू दिलं.

शिरोळचा_पोरगा

काल संध्याकाळी बाबांबरोबर बांधावर बसलो. रिपोर्ट नेला नव्हता. विचारलं, आपल्या रानात कुठला तुकडा पहिल्यासारखा राहिला नाही? ते उठले आणि मला विहिरीच्या खालच्या अंगाला घेऊन गेले. म्हणाले, “हितं फुटवा धरत नाही. पूर्वी इथला ऊस आधी तुटायचा.” उन्हाळ्यात पांढरा थर येतो तेही त्यांनीच दाखवलं. किती वर्षं झाली विचारलं तर गप्प झाले. मला वाटतं त्यांना कधीचं माहीत होतं, फक्त कर्ज आणि घर चालवायचं असल्यानं एक हंगामही हातचा सोडायची सोय नव्हती. हे माझ्या मातीच्या रिपोर्टात कुठं नव्हतं.

तो तुकडा त्यांनी मला दिलाय. सच्छिद्र पाईप गाडून निचरा करायचा, पाणी ठिबकनं द्यायचं, पहिल्या वर्षी हिरवळीच्या खतासाठी ताग गाडायचा असं ठरवलंय.

बंधारा

फार छान. आता कामाचं बोलू. पाईप साधारण साडेतीन-चार फूट खोल जाईल, उतार आधी लेव्हल लावून बघून घ्या, डोळ्यांच्या अंदाजानं करू नका. आणि मुख्य गोष्ट, पाईपचं तोंड कुठं काढणार? निचऱ्याचं खारं पाणी शेजाऱ्याच्या रानात गेलं तर तुमची जमीन सुधारेल आणि त्याची बिघडेल. ओढ्यापर्यंत न्यायचं तर मध्ये कुणाची जमीन आहे?

शिरोळचा_पोरगा

काका, मध्ये चुलत्यांचं रान आहे. बांधावरनं आमचं आणि त्यांचं बोलणं बंद आहे. बाबा म्हणाले, “पाईप आणायच्या आधी त्याच्याकडं जाऊन येऊ.” रविवारी दोघं जातोय. त्यांच्याही रानात पांढरं दिसायला लागलंय, तेव्हा त्यांच्या मातीचा नमुना घ्यायला पिशवी बरोबर ठेवतोय. पण आधी बाबा बोलणार.